छपराला भोक

४ नोव्हेंबर

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांची यादी कुणी करत असेल तर त्यात एक ओळ माझीही घालावी. ऑफिस डोंगरावर गेलं आणि माझी उशी खाली राहिली.

एकोणीस वर्षं त्या उशीवर बसून मी दगडाच्या खाणीच्या वजनकाट्यावर नोंदी केल्या. कुठला डंपर, किती टन, किती वाजता. उशीला माझा आकार आला होता, किंवा मला उशीचा. शनिवारी कंपनीने काटा, कपाट, पंखा, इतकंच काय भिंतीतला खिळासुद्धा उपटून अकरा किलोमीटर वर नेला. खाली राहिलो आम्ही दोघीच. आज उशीचा पत्ता नाही, आणि माझ्याबद्दल हुकूम निघाला आहे. सोमवारपासून वर यायचं, स्वतःच्या गाडीने. आणि गाडीला रेडिओ हवा.

रेडिओ म्हणजे गाण्यांचा नव्हे. सीबी म्हणतात तो, ट्रकवाल्यांचा. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं. वरचा रस्ता एका गाडीपुरताच आहे, एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काही नाही. भरलेले डंपर खाली येतात, रिकामे वर जातात. दर किलोमीटरला पिवळी पाटी. पाटीपाशी आलं की नंबर सांगायचा, कोण ते सांगायचं, वर की खाली ते सांगायचं. जो ऐकेल त्याने "ऐकलं" म्हणायचं आणि रुंद जागा बघून थांबायचं. फोनला तिथे रेंज नाही. देवाला असेल तर ठाऊक नाही.

"रेडिओ नाही तर गेट नाही," गेटवाले साहेब म्हणाले. "नियम सहा. फलक वाचा."

"साहेब, तो फलक माझ्याच अक्षरातला आहे."

"मग तर पाठच असेल तुम्हाला."

५ नोव्हेंबर

यांना सांगितलं. हे म्हणजे माझे यजमान. मिक्सरची मोटर उघडून बसले होते, मान वर केली नाही.

"वरच्या रस्त्याने?"

"दुसरा रस्ता तुम्ही बांधलाय का?"

म्हणाले, "अँटेना चुंबकाचा लाव. छपराला भोक पाडायचं नाही."

गाडी हे चालवत नाहीत. डावा पाय क्लच दाबत नाही. पण रोज सकाळी पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन तिला अशी पुसतात की शेजारणी मला विचारतात, तुला कधी एवढं पुसलं का गं.

पाय का दाबत नाही, ते या वहीत कधी लिहिलेलं नाही. लिहून टाकते. आठ वर्षांपूर्वी हे खाणीतला पाण्याचा टँकर चालवायचे. खालच्या यार्डात अकरा वर्षं काढली, मग वरच्या रस्त्यावर धूळ बसवायला पाठवलं. तिसऱ्या आठवड्यात किलोमीटर सातच्या वळणावर समोरून भरलेला डंपर आला. यांनी टँकर खडकावर घातला. चौकशी झाली. "चालकाने किलोमीटर सातवर कॉल दिला नाही, सबब चालक दोषी." नोकरी गेली.

ते वाक्य माझ्या अक्षरात आहे. साहेब सांगत होते, मी लिहीत होते. ऑफिसात माझंच अक्षर चांगलं, मी काय करणार.

"मी कॉल दिला होता," हे म्हणाले होते. एकदा दवाखान्यात, एकदा चौकशीत, एकदा घरी. तिसऱ्यांदा मी म्हटलं होतं, "असू दे आता." त्यानंतर विषय नाही. चूक कबूल करायला पुरुषाला जड जातं, हे मी समजून घेतलं. तेवढी समजूतदार मी आहेच.

७ नोव्हेंबर

रेडिओवाल्याकडे गेले. बाजाराच्या टोकाला खोपटं आहे त्याचं, ट्रकवाल्यांची रांग. त्याने डॅशबोर्डखाली सेट बसवला, अँटेनाच्या बुडाचं चुंबक छपरावर ठेवलं, वायर दाराच्या फटीतून आत ओढली. वर सव्वा मीटरची बारीक काठी. गाडी आता रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यासारखी दिसते. त्यात बसलेली बाई खेळण्यासारखी दिसत नाही, एवढाच फरक.

घरी शेडमध्ये शिरताना काठी तुळईला लागून टण्ण वाजली. हे आतून ओरडले, "उंची बघ ना!" एकवीस वर्षांच्या संसारात माझ्या डोक्याला कपाटाचं दार लागलं तेव्हा एवढा आवाज निघाला नव्हता.

८ नोव्हेंबर

वर गेले.

स्वतःशी बोलत गाडी चालवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, त्यांची मी क्षमा मागते. "एक. वजनकाट्याची बाई. वर." लगेच कुणी घोगऱ्या आवाजात "ऐकलं." दोन, "ऐकलं." तीनला कुणीतरी "ऐकलं, बाई, सावकाश या," असंही म्हणालं. घरात माझ्या दहा वाक्यांना मिळून एवढी उत्तरं येत नाहीत. चारपर्यंत मी खुशीत होते.

सातला काही नाही. पाटीच्या अगदी समोर थांबून नियमाप्रमाणे बोलले. खरखर. पुन्हा बोलले. खरखर. हळूहळू वळण घेतलं. आठला परत "ऐकलं".

संध्याकाळी हे म्हणाले, "सातला ऐकलं का कुणी?"

घरात पाऊल ठेवल्याबरोबर! पाणी नाही, चहा नाही, सात.

"नाही," मी म्हटलं. "तुमच्या चुंबकाची कृपा."

"सातला हॉर्न वाजवत जा," म्हणाले. "लांब वाजव."

टोमणा मारायचा तर सरळ मारावा माणसाने.

१२ नोव्हेंबर

गेटवर एक वही असते. कुणी कुठे कॉल दिला ते गेटचा सेट ऐकून लिहितात. आज साहेबांनी ती माझ्यापुढे फिरवली. माझ्या नावापुढे चार दिवस लाल शाईत: "७ – कॉल नाही."

"साहेब, मी कॉल देते."

"गेटवर येत नाही."

"मग गेटचा सेट बघा."

"बाकी सगळ्यांचा येतो, बाई. अकरा वर्षं ही वही आहे." मग आवाज खाली आणून, सहानुभूतीने, जी मला चिमट्यापेक्षा जास्त लागते: "तुमच्या घरात एकदा झालंय ते. परत नको. पंचवीस तारखेपर्यंत नीट करून घ्या, नाहीतर काट्यावर दुसरा माणूस बसवावा लागेल."

रेडिओवाल्याकडे गेले. म्हणाला, चुंबकाला पत्र्याचा नीट आधार मिळत नाही, मध्ये रंगाचा थर असतो. छपराच्या बरोबर मध्यभागी भोक पाडा, आतून रंग खरवडा, लोखंडाला लोखंड भिडू द्या. चारही बाजूंना सारखा पत्रा पसरला की आवाज लांब जातो.

१४ नोव्हेंबर

भांडण.

"भोक नाही," हे म्हणाले.

"माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे."

"तुमची गेली तेव्हा मी असं म्हटलं होतं?"

हे बोलायला नको होतं, हे बोलून झाल्यावर कळलं. नेहमी तेव्हाच कळतं. ते उठले, पाय ओढत शेडमध्ये गेले, गाडी पुसायला लागले. सकाळी पुसलेली होती.

१५ नोव्हेंबर

कामावरून बसने आले, गाडी घरी ठेवून गेले होते (आज खालच्या गोदामात काम). शेडमध्ये बघते तर छपराला भोक!

दोन दोरे छपरावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणलेले, जिथे छेदले तिथे खडूची खूण, खुणेवर भोक. आतलं कापड एका बाजूने सोडवून वायर पुढच्या काचेच्या खांबाच्या आतून सेटपर्यंत नेलेली, कुठे दिसत नाही. भोकाच्या कडेला रबर, रबराभोवती पाणी जाऊ नये म्हणून पुट्टी भरलेली. खाली जमिनीवर कागद पसरून लोखंडाचा चुरा गोळा केलेला. दुखऱ्या पायाने स्टुलावर चढून हे केलं. पडले असते म्हणजे.

"विचारलं का नाही?" मी म्हटलं.

"काल तूच विचारलंस."

काही माणसांना ऐकायला आपल्यापेक्षा एक दिवस उशीर होतो.

१६ नोव्हेंबर

रेडिओवाल्याने मीटर दिला, पाचच्या आत परत करण्याच्या बोलीवर. अँटेनाची लांबी चुकली की आपला आवाज बाहेर न जाता परत सेटमध्येच येतो, आणि किती परत येतो ते मीटरचा काटा सांगतो. काटा जितका खाली तितकं बरं. वर राहिला तर काठी थोडी कापायची, परत बघायचं.

हे म्हणाले, "गाडी बाहेर मोकळ्यावर काढ. वर पत्रा आहे."

साडेचार वाजले होते. "पत्रा काय खातोय तुमच्या काट्याला? बसा, इथेच बघा."

बघितलं. काटा वर. पकडीने काठी बोटभर कापली. थोडा खाली. अजून कापली. अजून थोडा. "आणखी," मी म्हणत होते, ते कापत होते, माझ्याकडे एकदा बघून. चौथ्यांदा काटा छान बसला. मीटर पाच वाजता दिला. माझ्यामुळे वेळेत झालं.

१८ नोव्हेंबर

सात सोडाच, चारलासुद्धा कुणी ऐकलं नाही. मधूनच कुणीतरी म्हणतं, "कुठली बाई कुठे आहे?" हा प्रश्न मलाही पडला.

घरी येऊन नको ते बोलले. म्हटलं, मी वर जाऊ नये म्हणून तुम्ही मुद्दाम बिघडवलंत. स्वतः तोंड मिटून बसलात, आता माझंही मिटवा.

ते एवढंच म्हणाले, "डोक्यावर पत्रा असला की काटा खोटं दाखवतो. काठी लांब वाटते. आपण नको इतकी कापली."

"आपण" म्हणाले. नवीन काठी आणावी लागेल.

२० नोव्हेंबर

सुट्टी. नवीन काठी. गाडी पटांगणाच्या मधोमध, आजूबाजूला भिंत नाही, झाड नाही. हे स्टिअरिंगवर, मीटर मांडीवर. मी बाहेर उभी राहून खिडकीतून डोकावत होते तर म्हणाले, "आत बस आणि दार लाव. दार उघडं असलं तरी फरक पडतो." बसले. त्यांनी फक्त दोनदा कापलं, नखाएवढं. काटा तळाला जाऊन झोपला.

गेटला बोलून पाहिलं. तीन किलोमीटरवरून उत्तर आलं, "घंटेसारखा स्वच्छ!"

यांच्या चेहऱ्यावर जे काही होतं ते मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "आता सातची भानगड संपली." तर ते लगेच गेलं.

२१ नोव्हेंबर

सात. पाटीपाशी थांबले. स्पष्ट, मोठ्याने कॉल दिला. दोनदा. हॉर्न मात्र वाजवला नाही. एवढा स्वच्छ अँटेना असताना कशाला.

वळले आणि समोर भरलेला डंपर.

गाडी खडकाच्या बाजूच्या चरात घातली. डाव्या बाजूचा आरसा गेला. मी जागेवर आहे. आज अक्षर असं का, ते उद्या लिहीन.

२२ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही ते.

डंपर कानठळ्या बसवत थांबला. त्यातून मामा उतरले. सगळ्यात जुने चालक, सगळे त्यांना मामाच म्हणतात. पांढरेफटक.

"बाई, कॉल कुठाय?"

"दिला होता!" मी ओरडले.

"आम्हाला नाही आला."

"दिला होता! पाटीपाशी थांबून दिला होता!"

तीनदा म्हटलं. हे तीन मी नंतर मोजले.

मामा चराच्या कडेवर बसले. मला पाण्याची बाटली दिली.

"पाटीपाशी कोण कॉल देतं, बाई? तिथं खडकाचं पोट आडवं येतं. आवाज जातच नाही. तुम्ही बोला नाहीतर मेघ गरजू दे."

"मग तुम्ही सगळे?"

"खाली तुटका पाइप दिसतो ना, दोनशे पावलं अलीकडे? तिथंच 'सात' म्हणून टाकतो. वरून येताना तसंच, पलीकडच्या पांढऱ्या दगडापाशी. नवा माणूस आला की चहाच्या टपरीवर सांगून ठेवतो."

"मला कुणी नाही सांगितलं."

"तुम्ही ऑफिसच्या. नियमात पाटीपाशी लिहिलंय. पाटीआधी कॉल दिला तर पगारातून दिवस कापतात. ऑफिसच्या माणसाला सांगायचं, की आम्ही सगळे नियम मोडतो?"

मला पुढचं विचारायचं नव्हतं. विचारलं.

"यांना का नाही सांगितलं?"

"तीन आठवड्यांचा माणूस तो. टपरीवर यायचा नाही, डबा टँकरमध्येच. आणि नियमाला असा चिकटलेला, की पाटीच्या एक हात पुढं नाही, एक हात मागं नाही." मामांनी एक खडा उचलून चरात टाकला. "सांगू, सांगू म्हणता राहिलं."

"आणि चौकशीत?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. रस्त्याकडे बघत म्हणाले, "चौकशीत तुम्ही लिहीत होतात, बाई. मान खाली घालून. आम्ही बाहेर बाकावर बसलो होतो, सहा जण. म्हटलं, बायकोच लिहितेय गुमान, म्हणजे तिला घरचं ठाऊक असेल. आपण कशाला आपले दिवस घालवायचे."

मग त्यांनी चौघांना बोलावून माझी गाडी चरातून काढून दिली. काठी शाबूत होती. छपराच्या मधोमध, ताठ.

घरी यांनी आरसा बघितला. "काय झालं?"

"खांबाला लागला."

त्यांनी खरचटलेल्या बाजूवरून बोट फिरवलं. खडकाचा रंग कसा लागतो ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

२३ नोव्हेंबर

गेटच्या वहीत परवाच्या तारखेला लाल शाईत: "किमी ७ – चालकाने कॉल दिला नाही."

वाक्य माझंच. वळणसुद्धा.

२५ नोव्हेंबर

रीतसर अर्ज लिहिला. सातच्या पाटीपाशी आवाज पोहोचत नाही, कोणाचाच. आठ वर्षांपूर्वीही पोहोचत नव्हता, तरी त्या चौकशीचा निष्कर्ष पुन्हा तपासावा. निष्कर्ष मी लिहिला होता, तो चुकीचा होता, असं शेवटी घातलं आणि खाली सही केली. मामांची सही मागितली. ते म्हणाले, "माझी चार महिन्यांत निवृत्ती आहे, आण इकडे." बाकी पाच जणांना त्याच वेळी टायरची हवा बघायची होती.

साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"पाटीचं बघतो. मुद्दा चांगला आहे. पण ते जुनं..." कपाळाला बोट लावलं. "ऑफिस वर नेताना जुन्या फायली रद्दीत गेल्या, बाई. जे कागदच नाहीत ते बदलायचे कसे?"

म्हणजे खिळा वर गेला आणि ती फाइल रद्दीत. माझं सुंदर अक्षर आता कुठेतरी भजी... नाही, कुठेतरी खिळेमोळे बांधून जात असेल.

"आणि अर्जातलं शेवटचं वाक्य," साहेब म्हणाले, "ते काढून टाका. तुमच्याच अंगाशी येईल."

काढलं नाही.

अर्जाची नक्कल घरी आणली. द्यायला जमेना. एकवीस वर्षं त्यांच्या हातात भाजीच्या यादीशिवाय कागद दिलेला नाही. त्यांच्या कामाच्या टेबलावर स्क्रू ड्रायव्हरखाली ठेवून आत गेले. तासाभराने बघितलं, स्क्रू ड्रायव्हर तिथेच, कागद नव्हता.

जेवताना म्हणाले, "भाजी बरी झालीये." मीठ नव्हतं तिच्यात.

२८ नोव्हेंबर

त्यांचा चष्मा पुसून ठेवायला डबी उघडली. नक्कल आत होती, चार घड्या घालून. डबी परत लावली.

२ डिसेंबर

सातची पाटी दोन्हीकडून हलवली. वर जाणाऱ्यांसाठी तुटक्या पाइपपाशी, खाली येणाऱ्यांसाठी पांढऱ्या दगडापाशी. सूचनाफलकावर पत्रक: "गेट अधीक्षकांच्या दक्षतेमुळे..." पत्रक सुवाच्य अक्षरात लिहायला अर्थात माझ्याकडेच आलं होतं. लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुंदर आलं.

टपरीवर सगळे साहेबांचं अभिनंदन करत होते. ते पाच जणही.

आणखी एक. उशी सापडली. साहेबांच्या खुर्चीवर आहे. त्यांच्या आकाराची झाली आहे, आता परत मागण्यात अर्थ नाही.

४ डिसेंबर

सुट्टी. हे म्हणाले, गाडी चरात गेली तेव्हा वायरला हिसका बसला असेल, काटा एकदा बघून घेऊ. "चरात" म्हणाले. खांबाचा विषय तेवढ्यावर संपला.

पटांगण. मोकळं आकाश. ते स्टिअरिंगवर, मीटर मांडीवर, मी शेजारी. या वेळी न सांगता दार लावलं.

काटा बघायचा तर बटण दाबून काहीतरी बोलावं लागतं. दर वेळी ते "एक, दोन, तीन" म्हणतात. आज गेटपासून लांबच्या, कुणी वापरत नाही अशा चॅनेलवर लावला. पहिल्यांदा "एक, दोन, तीन" म्हणाले. काटा खाली. ठीक होतं सगळं, बंद करायला हरकत नव्हती.

त्यांनी बटण परत दाबलं. थोडा वेळ नुसतंच दाबून धरलं.

"सात," म्हणाले. "पाण्याचा टँकर. भरलेला. वर."

आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. तरुण होता. चालू कामातला.

बटण सोडलं. सेट खरखरत राहिला. त्या चॅनेलवर कुणी नव्हतं. गेटच्या फलकावरचाच नियम, माझ्याच अक्षरातला: जो ऐकेल त्याने उत्तर द्यायचं.

"ऐकलं," मी म्हटलं.

त्यांनी सेट बंद केला. मग माइक आकड्याला अडकवला, मीटरची वायर सोडवली, नीट गुंडाळून माझ्या हातात दिली.

"काटा बरोबर आहे," म्हणाले. "चल, घरी."